कायद्यापलीकडची सुटका

पुराव्यानें गुन्हा शाबीत झाला आहे, कायद्याचा अर्थही स्पष्ट आहे, आणि तरीही ज्यूरीनें मनास साक्ष ठेवून ‘निर्दोषी’ म्हणावें काय? हिंदुस्थानांत हा प्रश्न आतां तात्त्विकच उरला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें ज्यूरीस जागा ठेवली नाहीं, व २०२४ मध्यें तिच्या जागीं आलेल्या संहितेंतही ती नाहीं. पारशी विवाहविषयक न्यायालयांत बसणारे पंच हाच काय तो त्या पद्धतीचा अवशेष. परंतु गेलेल्या संस्थेचा विचार करण्यांत एक सोय असते, ती ही कीं, तिच्या जमाखर्चाची वही मिटलेली असते.

हा अधिकार कोणा कायद्यानें बहाल केलेला नव्हे. १६७० सालीं लंडनमध्यें विल्यम पेन व विल्यम मीड या क्वेकरांवर रस्त्यांत बेकायदा जमाव जमविल्याचा खटला झाला. ज्यूरी त्यांस दोषी ठरवीना, तेव्हां तिला अन्नपाण्यावांचून कोंडण्यांत आलें व शेवटीं दंड झाला. बुशेल नामक ज्यूररानें दंड न भरतां तुरुंग पत्करला, आणि मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनीं निर्णय दिला कीं, अभिप्रायाबद्दल ज्यूररास शिक्षा करतां येत नाहीं. जाब विचारणारा उरला नाहीं, म्हणून हा अधिकार जन्मास आला. आमच्याकडे तो अर्धाच पोहोंचला. ज्यूरीचा अभिप्राय अगदींच अमान्य वाटल्यास सेशन्स न्यायाधीश १८९८ च्या संहितेच्या ३०७ व्या कलमान्वयें प्रकरण हायकोर्टाकडे पाठवूं शके.

या अधिकाराची खरी गरज आमच्या प्रांतांत ज्या दिवशीं होती, तो दिवस २२ जुलै १९०८. ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवरील राजद्रोहाचा खटला न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें संपत आला होता. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले होते. कायदा परक्या राज्यकर्त्यांनीं केलेला. ज्यांच्यावर तो चालावयाचा त्यांस तो करतांना कोणी विचारलेलें नाहीं. अशा कायद्यास सद्सद्विवेकानें ‘नाहीं’ म्हणण्यास याहून योग्य वेळ ती कोणती? पण लेख मराठी, आणि ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी! सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोषी; शिक्षा सहा वर्षें काळ्या पाण्याची. ज्यूरी कांहींही म्हणो, आपण निर्दोषीच आहों, या अर्थाचे टिळकांचे उद्गार पुढें १९५६ मध्यें त्याच हायकोर्टांत कोरून लावण्यांत आले. न्यायालयानें आपल्याच भिंतीवर आपल्या निकालाचा निषेध मिरवावा, असा प्रसंग विरळा.

आतां दुसरा दिवस पाहूं. २७ एप्रिल १९५९ रोजीं नौदलाचे कमांडर नानावटी यांनीं पत्नीचा प्रियकर आहुजा यास त्याच्या घरीं गांठलें, व तेथें तो गोळ्यांनीं ठार झाला. रात्रीं एकट्यानें अहमदनगरास जावयाचें आहे, अशी सबब सांगून त्यांनीं जहाजावरून रिव्हॉल्वर घेतलें होतें. ‘ब्लिट्झ’ पत्रानें त्यांची बाजू उचलली, मुंबईकर भारावले, आणि ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांस सोडलें. न्यायाधीश मेहता यांनीं तो अभिप्राय न मानतां प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. तेथें १९६० त जन्मठेप झाली, ती सुप्रीम कोर्टानें १९६१ त कायम केली, व १९६४ त राज्यपालांनीं माफी दिली. झटापटींत गोळी सुटली हा बचावच त्या आठांस खरा वाटला असेल, असें कोणी म्हणेल. असेलही. कारण सांगण्याचें बंधन नसल्यामुळें तें कधींच कळावयाचें नाहीं, आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे.

जेथें कायदा अन्यायाचा होता तेथें ज्यूरी कायद्याबरोबर गेली. जेथें कायदा न्याय्य होता तेथें ती त्याच्यावांचून चालली. यास आम्ही योगायोग मानीत नाहीं. ज्यूरीची दया ज्यूरी ज्यांस आपलें समजते त्यांच्याच वाट्यास येते. आम्ही राहतों त्या वसईच्या बाजूचें उदाहरण घ्या. अर्नाळ्याचा एखादा कोळी किंवा तुंगारेश्वराच्या डोंगरांतला एखादा वारली अशाच कारणानें कोयता घेऊन कोणाच्या दारांत गेला असता, तर त्याच्यासाठीं कोणत्या पत्रानें मथळे छापले असते? त्या आठांनीं त्याच्या अंगावर गणवेश नसतांना त्याच्या अब्रूची तितकीच कदर केली असती काय? मेलेल्या माणसाच्या बाजूनें तर ज्यूरींत कोणीच बसलेला नसतो.

न्यायाधीशासही पूर्वग्रह असतात, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यास तो कारणांच्या रूपानें लिहावा लागतो, व लिहिलेलें वरच्या न्यायालयास खोडतां येतें. राज्यपालाच्या माफीखालीं देखील एक सही असते.

तथापि एक अडचण आम्हांस सुटलेली नाहीं. ज्या १२४ अ कलमाखालीं टिळकांस शिक्षा झाली, तें स्वराज्यांतही १ जुलै २०२४ पर्यंत पुस्तकांत राहिलें. कारणें लिहिणारा न्यायाधीश अशा कलमाचा अर्थ आकुंचित करूं शकतो, व सुप्रीम कोर्टानें १९६२ त तसें केलेंही. परंतु कलमास बांधलेल्या माणसास, १९०८ च्या त्या दोघांप्रमाणें, कारण न देतां नुसतें ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं.