खरी बातमी आणि खोटा बातमीदार

बातमी खरी असूनही ती सांगणारा खोटा असूं शकतो काय? वरवर पाहतां हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु १९५१ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘एस इन द होल’ या बोलपटांत दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनीं हाच प्रश्न फार निष्ठुरपणें मांडिला आहे.

चक टेटम (ही भूमिका कर्क डग्लस यांनीं केली) हा अकरा वर्तमानपत्रांतून काढून टाकलेला बातमीदार. न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्की येथें एका लहान पत्रांत त्यास नोकरी मिळते. तेथील भिंतीवर ‘खरें तें सांगा’ असें भरतकाम केलेली चौकट टांगलेली आहे. तो तिची थट्टा करितो. पुढें वर्षभरानें लिओ मिनोसा नांवाचा एक दुकानदार, जुनीं मडकीं शोधण्यास गुहेंत शिरला असतां, दरड कोसळून अडकतो. भिंतींस टेकू देत गेल्यास तो एका दिवसाच्या आंत सुटावा. पण मग बातमीही एका दिवसांतच संपावयाची! म्हणून टेटम निवडणुकीच्या चिंतेंत असलेल्या शेरीफास हाताशीं धरितो, आणि डोंगराच्या माथ्यावरून यंत्रानें भोंक पाडण्याचें काम सुरू करवितो. त्यास जवळजवळ आठवडा लागणार.

आतां वाचकांनीं विचार करावा. मनुष्य गाडला गेला आहे, तो जिवंत आहे, यंत्र रात्रंदिवस खडक फोडीत आहे, हें सर्व खरेंच होतें. बनावट होता तो मुख्यतः पत्नीचा शोक. ती बाई तर नवऱ्यास सोडून निघालीच होती, गल्ला भरूं लागला म्हणून राहिली. मग असत्य कोठें? माझ्या मतें तें छापलेल्या अक्षरांत शोधूं नये. साक्षीदारानें घटना पाहावयाची असते. ती लांबविण्यांत त्याचा लाभ असला, आणि त्यानें ती लांबविली, म्हणजे त्याच्या साक्षीचा प्रत्येक खरा शब्दही विकलेला असतो.

यास कोणी म्हणेल कीं, बातमीदाराचा धंदाच असा. तसें नाहीं. ज्या घटनेचा उल्लेख टेटम स्वतः करितो ती पाहा. १९२५ च्या जानेवारींत केंटकी संस्थानांत फ्लॉइड कॉलिन्स नांवाचा गुहाशोधक सँड केव्ह गुहेंत पाय अडकून पडला. लुइव्हिलच्या ‘कुरिअर-जर्नल’ पत्राचा विल्यम मिलर हा लहान चणीचा तरुण अनेक वेळां सरपटत त्याच्यापाशीं गेला. त्यानें त्यास अन्न भरविलें, त्याचें बोलणें टिपून घेतलें, आणि दगड उचलण्याचीही खटपट केली. कॉलिन्स वांचला नाहीं. मिलरला १९२६ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. तेथेंही हजारों लोक जमले, खाण्याचे पदार्थ व फुगे विकले गेले, आणि त्या गर्दीस मिलरच्या बातम्याही कारण होत्या. तो अगदीं निर्दोष होता असें मी म्हणत नाहीं. पण त्याच्या हातांचा रोंख दगड हलविण्याकडे होता, टेटमचा नव्हता.

आणि वाचणारे? बोलपटांत गुहेपाशीं जाण्याचा दर वाढत जातो, पाळणे येतात, लिओवर गाणें रचून विकलें जातें. आलेल्यांपैकीं पुष्कळांस दया आली असेल, हें मान्य करूं. तथापि दया विचारते, ‘हा केव्हां सुटेल?’ आणि कुतूहल विचारतें, ‘आणखी काय झालें?’ दोघेंही तेंच पत्र विकत घेतात. छापणाऱ्यास त्यांतील भेद कळत नाहीं, कळून घ्यावयाचाही नसतो. ज्याचा त्यानेंच तो ओळखावा लागतो.

शेवटीं टेटमचें मन पालटतें. तोंवर यंत्राच्या हादऱ्यांनीं गुहा इतकी खिळखिळी झालेली असते कीं टेकूंचा सोपा मार्ग बंद झाला. लिओ न्युमोनियानें मरतो. टेटम डोंगरावरून ध्वनिक्षेपकांतून तें जाहीर करितो व सर्वांस घरीं जावयास सांगतो. तंबू उतरतात, मोटारी निघून जातात, आणि कागदांच्या कचऱ्यानें भरलेल्या त्या माळावर लिओचा म्हातारा बाप तेवढा एकटा चालतांना दिसतो.