कळ थांबल्यावर

कॅज्युअल्टीत मुरलेली सिस्टर मूतखड्याचा पेशंट दारातूनच ओळखते. पोटात आतडं फुटलेला माणूस पाय जवळ घेऊन निपचित पडून राहतो, कुणाला हात लावू देत नाही, कारण हललं की त्याला जास्त दुखतं. मूतखडेवाल्याचं उलटं. तो खाटेवर बसतो, उठतो, भिंतीला डोकं टेकतो, उकिडवा होतो, ओकतो, पुन्हा उठतो. कुठल्याही कुशीवर आराम नाही हे एव्हाना कळलेलं असूनही कूस बदलत राहतो. मला अचानक दाखल व्हावं लागलं त्या रात्री फॉर्मवरची सही मी येरझाऱ्या घालता घालता केली. सिस्टरने नाव विचारण्याआधीच "खडा दिसतोय" असं सोबतच्या मुलीला सांगून टाकलं आणि मग मला विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

दुखणं बाहेरून मोजता येत नाही, म्हणून ते पेशंटलाच मोजायला लावतात. खड्याचं तसं नाही. सोनोग्राफीत तो चार मिलिमीटरचा निघाला, मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, कुळथाच्या दाण्याहून लहान. आकडा ऐकल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि मला वाटतं थोडा हिरमोडही. एवढ्याशा ऐवजासाठी अख्खी सोसायटी जागी केली होती!

खडा टोकदार असतो, आत ओरखडे काढतो, म्हणून दुखतं, अशी आपली समजूत. ओरखडे निघतात, लघवीतून रक्तही जातं, पण ती जीवघेणी कळ त्यांची नसते. मूत्रवाहिनी ही 25 ते 30 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद नळी. किडनीतून निघताना, मग पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि शेवटी मूत्राशयात शिरताना ती अरुंद होते. खडा यांपैकी एका ठिकाणी अडतो. मागे लघवी तुंबते, किडनी ताणली जाते, आणि खडा पुढे ढकलण्यासाठी नळी आवळत राहते. दुखतं ते या अचानक तुंबण्याने. म्हणूनच डायक्लोफेनॅकच्या साध्या इंजेक्शनला इतका गुण येतो. ते शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतं, त्यामुळे किडनीतला दाब उतरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस चहा मागतो. खडा मात्र होता तिथेच असतो.

खडा जागचा हललेला नसताना आपण बरे झालो, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही. ती आणून दिली शेजारच्या खाटेवरच्या काकांनी. सोलापूरकडचे, शेतीवाले. पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली, चार पावलं चाललं की दम लागायला लागला, म्हणून मुलाने आणलेलं. दोन्ही किडन्यांत मोठे खडे होते, किडनीच्या पोकळीभर फांद्या फुटून बसलेले. डॉक्टरांच्या भाषेत सांबरशिंगी. क्रिएटिनिन इतकं वाढलं होतं की मुलाला बाजूला घेऊन डायलिसिसचं बोलणं चाललं होतं. काकांना आयुष्यात एकदाही कळ आली नव्हती. कंबर कधीमधी भरून यायची, ती कुणाची येत नाही? आणि हे काका रात्रभर माझी कीव करत होते. "लई हाल झालं तुमचं," असं म्हणून त्यांनी त्यांच्या थर्मासमधलं गरम पाणी मला पाजलं.

त्या वॉर्डात ज्याचं संकट लहान तो गडबडा लोळत होता आणि ज्याचं मोठं तो त्याला धीर देत होता. याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. दाब एकाएकी वाढला की किडनी बोंब मारते. तोच दाब वर्षानुवर्षं हळूहळू चढला तर तिला काही वावगं वाटत नाही. त्याहून वाईट म्हणजे अडथळा पूर्ण असला तरी काही दिवसांनी कळ आपोआप मंदावते. खडा सुटलेला नसतो. त्या बाजूच्या किडनीने लघवी तयार करणं कमी केलेलं असतं. माणूस म्हणतो, चला, बरं वाटतंय. असेच काही आठवडे गेले तर ती किडनी कायमची दुबळी होते, कधी हातचीच जाते. वेदना हा शरीराचा इशारा असतो असं आपण शाळेपासून ऐकतो. मूतखड्यापुरतं तरी मी म्हणेन की हा पहारेकरी नको तिथे कोकलतो आणि चोर घरात शिरून बसला की झोपी जातो. खड्यासोबत थंडी वाजून ताप भरला तर दुखणं सोसवण्याजोगं असलं तरी तातडीने धावायचं असतं, हे कुणी सांगितल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

तरीही हजारो वर्षं माणसाने ऐकलं ते या पहारेकऱ्याचंच. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मूतखड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत, आणि शस्त्रक्रिया करण्याआधी राजाची अनुमती घ्यायला सांगितलं आहे. कारणमीमांसा रोखठोक आहे: चिरलं नाही तर मरण नक्की, चिरलं तर काय होईल याचा भरवसा नाही. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या शपथेत वैद्य खड्यासाठी चिरणार नाही असं वचन देतो आणि ते काम त्यातल्या माहीतगारांवर सोपवतो. जोखीम इतकी उघड असूनही लोक त्या टेबलावर आडवे होत, भूल नसताना, चार जणांनी हातपाय दाबून धरलेले असताना. कळीची ताकद यावरून समजते.

लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स त्यांतलाच एक. 26 मार्च 1658 रोजी त्याच्या मूत्राशयातला खडा काढला. तेव्हा तो पंचविशीत होता. तो वाचला, आणि त्या तारखेला दरवर्षी मेजवानी द्यायचं त्याने ठरवलं. काढलेला खडा त्याने खास पेटी करवून जपला, पाहुण्यांना दाखवला. 1703 मध्ये तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात त्याच्या डाव्या मूत्रपिंडात आणखी सात खडे सापडले. रडवणाऱ्या खड्याला त्याने पेटीत ठेवलं, आणि हे सात जण आत बसून होते.

फ्रान्सचा निबंधकार माँतेन वेगळ्या मातीचा. बापाला हाच रोग, आपल्यालाही लागला, म्हणून 1580 मध्ये तो जर्मनी-इटलीतल्या औषधी झऱ्यांच्या वाटेने प्रवासाला निघाला. किती पाणी प्यालं, किती बाहेर पडलं, किती रेती आणि खडे गेले, याची त्याने बारीक नोंद ठेवली. वैद्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण पाणी मोजायचं मात्र त्याने सोडलं नाही. आजच्या कुठल्याही यूरॉलॉजिस्टला हा पेशंट आवडला असता.

वैद्यांवरचा अविश्वास समजण्यासारखा आहे, कारण या रोगात उपाय सांगणाऱ्यांना तोटा नाही. मी घरी आलो तोवर घरात कुळीथ भिजत पडले होते. मामींनी पानफुटीची पानं पाठवली, एका मित्राने बिअरचा आग्रह धरला (त्याचा खडा मुळात अस्तित्वात होता का, याबद्दल मला शंका आहे). या सगळ्यांकडे दाखले होते आणि दाखले खोटे नव्हते. गंमत अशी की पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूकच पडतात. त्यामुळे त्या दोन-चार आठवड्यांत माणूस जे काही घेत असेल त्याला यश मिळतं, मग तो कुळथाचा काढा असो, देवाचा अंगारा असो की डॉक्टरांची गोळी. 1739 मध्ये ब्रिटिश संसदेने जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंना खड्यावरच्या औषधाचं गुपित उघड करण्यासाठी 5000 पौंड दिले. ते निघालं अंड्याची टरफलं, गोगलगायी, वनस्पती आणि साबण! खासदार काही मूर्ख नव्हते. त्यांनी बरे झालेले लोक डोळ्यांनी पाहिले होते.

दूध बंद करा, हा असाच एक सर्वमान्य सल्ला. खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम तोडा. 1993 मध्ये अमेरिकेत 45 हजारांहून अधिक पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले. जेवणातलं कॅल्शियम खड्यातल्या दुसऱ्या घटकाला, ऑक्झलेटला, आतड्यातच धरून ठेवतं, ते लघवीपर्यंत पोचू देत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. सल्ला बदलून तीस वर्षं झाली, पण आमच्या गल्लीपर्यंत तो अजून आलेला नाही.

खात्रीचा म्हणावा असा उपाय अगदीच नीरस आहे: पाणी. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या लोकांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. पण हे पाणी प्यायचं ते दुखत नसताना, रोज, आणि त्याचं श्रेय कधीच मिळत नाही. न झालेला खडा पेटीत घालून पाहुण्यांना दाखवता येत नाही.

शिवाय पाणी पिणं हा नुसत्या मनाच्या निश्चयाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. वॉर्डातून फाइल घेऊन फिरणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी समोरच्या पेशंटला, एका एसटी वाहक ताईंना, पाण्याचा तक्ता दिला. ताईंनी तो नीट वाचला आणि विचारलं, "आणि जायचं कुठं?" स्थानकावरचं शौचालय त्यांना माहीत होतं. आहारतज्ज्ञ बाईंच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी'वाल्या कार्यकर्त्यांनी महिलांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली, तेव्हा पेपरांतून त्यांची चेष्टाही झाली. ऊसतोडीच्या फडात, भर बंदोबस्तात, बांधकामावर उभं राहून दिवस काढणाऱ्या बाया पाणी टाळतात ते पूर्ण विचार करून. त्याची किंमत हळूहळू चुकती होते, आणि हळूहळू होणाऱ्या गोष्टीला कॅज्युअल्टीत खाट मिळत नाही.

माझा खडा यथावकाश पडला. तो धरण्यासाठी चहाची गाळणी वापरायची की नवी आणायची यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही. तो घेऊन मी ओपीडीत गेलो, तेव्हा टेबलामागच्या सिस्टर एक जाड रजिस्टर उघडून फोन लावत होत्या. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत स्टेंट म्हणून प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. ती काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत काढायची असते. राहिली तर तिच्यावरच खडे चढतात आणि मग ती ओढून निघत नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. सुरुवातीला ती टोचते, मग सवय होते, मग माणूस तिला विसरतो. म्हणून हे रजिस्टर. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, आता काय बी दुखत नाही बघा. सोयाबीन काढून झालं की येतो."

"अहो दादा," सिस्टर रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "मागच्या खेपेला पेरणी उरकली की येतो म्हणाला होतात."