स्वतःवरची दया

इंग्रजी भाषेंत 'इंडल्ज इन' असा एक प्रयोग आहे. मद्य, निद्रा, परनिंदा असा एखादा मोह मनुष्यानें स्वतःला मोकळेपणीं भोगूं दिला, म्हणजे इंग्रज तो वापरतो. मराठी प्रतिशब्द विचारला असतां विद्यार्थी बहुधा 'आहारीं जाणें' असा सांगतात. अर्थ बराचसा जुळतो. परंतु दोहोंच्या मुळाशीं असलेली दृष्टि अगदीं भिन्न आहे, आणि ती भिन्नता नीतिविचारास उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सौम्यपणानें वागविणें, सवलत देणें. 'इन' गाळून आजी नातवाला 'इंडल्ज' करते म्हटलें, तर ती त्याचे लाड पुरविते एवढेंच आजहि समजतात. रोमन धर्मपीठ पापाच्या शिक्षेंत जी सूट देतें, तिचें नांवहि याच कुळांतलें. त्या सुटीच्या मोबदल्यांत द्रव्य घेण्याविरुद्ध १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें आपलीं ९५ विधानें मांडलीं. सारांश, सवलत देणारा एक आणि घेणारा दुसरा, ही मूळची व्यवस्था. 'इन' लागतांच दोघे एक होतात. आपणच अपराधी, आपणच न्यायाधीश. मग निकाल काय लागणार, हें सांगावयास नकोच! मराठी प्रयोगांत ही न्यायसभाच नाहीं. शब्दशः पाहिल्यास तेथें खाणाराच अन्न होतो. इंग्रजी प्रयोग व्यसनाचा आरंभ सांगतो, मराठी शेवट.

मग स्वतःस कसलीच सवलत देऊं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. आपण निर्लज्ज चहाबाज आहों, हें डॉक्टर जॉन्सननें १७५७ सालीं छापून कबूल केलें. मद्य मात्र मुळींच न घेणें आपल्याला सोपें, पण बेतानें घेणें कठीण, हें ओळखून तो कित्येक वर्षें त्यापासून दूर राहिला. कोठें आपण दाते आहों आणि कोठें अन्न होऊं, हें त्याला कळलें होतें.

दुसऱ्याला क्षमा करतांना आपण शंभरदां विचार करतों; स्वतःला ती न मागतां देतों. तेथेंहि एक प्रश्न विचारावा: दिलेली सवलत उद्यां परत घेण्याचा अधिकार आपल्याकडे उरला आहे काय? आजीला खाऊचा डबा बंद करतां येतो, म्हणूनच तिचे लाड हे लाड ठरतात. ज्याला आपला डबा बंद करतां येत नाहीं, त्यानें स्वतःवर दया केली असें समजूं नये.