शहाण्याचे मत, अडाण्याचे मत



निवडणूक ग्रामपंचायतीची असो, नगरपरिषदेची असो वा लोकसभेची, ती जवळ आली की एक वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येते. चहाच्या टपरीवर, एसटीच्या रांगेत, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही कोणीतरी म्हणतो, "ज्याला सही करता येत नाही त्याचेही एक मत आणि शिकल्यासवरल्याचेही एकच मत. मग देशाचे भले कसे होणार?" असे बोलणारा माणूस वाईट नसतो. बाटलीवर आणि नोटेवर विकली जाणारी मते पाहून तो वैतागलेला असतो. परंतु त्याच्या बोलण्यात एक जुना आणि मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाला मताचा अधिकार कशामुळे मिळतो? तो शहाणपणाचे बक्षीस आहे, मालमत्तेचे फळ आहे, की आणखी काही?

आपल्या रोह्याचेच उदाहरण घेऊ. मूळ रोह्याच्या घराण्यातले आणि १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आयसीएस परीक्षेत पहिले आले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत चिंतामणरावांना एक मत होते आणि रोह्याच्या डोंगरात कोळसा पाडणाऱ्या कातकऱ्यालाही एकच मत होते. देशाच्या तिजोरीचा हिशेब ठेवणारा आणि स्वतःच्या मजुरीचाही हिशेब वाचू न शकणारा, हे दोघे मतपेटीसमोर अगदी बरोबरीचे झाले.

हा न्याय झाला की अन्याय? अनेक विचारवंतांनी त्याला अन्याय म्हटले असते. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने राज्याला जहाजाची उपमा दिली. जहाज कोणी चालवावे हे प्रवाशांच्या गलबल्यातून ठरत नाही, ते ज्याला समुद्राचे ज्ञान आहे त्यानेच चालवावे, असा त्याचा युक्तिवाद. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल हा स्वातंत्र्याचा मोठा कैवारी होता. त्यानेही १८६१ साली सुचवले की शिकलेल्यांना एकापेक्षा जास्त मते असावीत. आपल्या देशात इंग्रजी अमलात मताचा अधिकार शेतसारा, कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात तीन ते साडेतीन कोटी लोकांनाच मत होते. १९५१-५२ मध्ये ते एकदम १७ कोटींहून अधिक लोकांना मिळाले, आणि तेव्हा देशात शंभरातले जेमतेम अठरा जण साक्षर होते. म्हणून तर उमेदवाराला चिन्ह आले आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली गेली.

प्लेटोच्या उपमेला आपण श्रद्धावंतांनी नम्रपणे उत्तर द्यायला हवे. जहाज कसे चालवायचे हे कप्तानाला कळते हे खरे. पण ते कोणत्या बंदराला न्यायचे हे कप्तान एकटा ठरवू शकत नाही, कारण जहाज बुडाले तर प्रवासीही बुडतात. शिवाय तळाशी बसलेल्यालाच पाणी कुठून शिरते ते आधी दिसते. ज्याचे जळते त्यालाच कळते. आपल्या जिल्ह्यातल्या चरी गावी १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. या संपकऱ्यांपैकी फार थोड्यांना तेव्हा मत होते. आपले दुःख सरकारच्या कानी घालायला त्यांच्याजवळ एकच मार्ग उरला, नांगर खाली ठेवायचा आणि उपाशी राहायचे. खोतीमध्ये काय चूक आहे हे समजायला त्या कुळांना कॉलेजात जावे लागले नव्हते.

पण याहून खोल उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. परमेश्वराने माणूस आपल्या प्रतिरूपात निर्माण केला. त्यात पदवीधर आणि निरक्षर, जमीनदार आणि भूमिहीन असा भेद नाही. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी आपण कोणाचा सातबारा मागत नाही. म्हणून मत हे हुशारीचे प्रमाणपत्र मानू नये. 'तुझ्या आयुष्याचा निर्णय तुझ्या पाठीमागे होणार नाही' असे समाजाने प्रत्येक माणसाला दिलेले ते वचन आहे. मग चिंतामणरावांचे आणि त्या कातकऱ्याचे मत सारखे का, याचे उत्तर सोपे होते. दोघांचे ज्ञान सारखे नव्हते, पण दोघांची प्रतिष्ठा सारखी होती.

इथे थांबता आले असते तर लेख संपला असता. पण लोकशाहीचा इतिहास एवढ्यावर थांबू देत नाही.

मताचा अधिकार सामान्यांपर्यंत पोहोचल्याचे एक मोठे उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेत सापडते. तिथेही आधी मत मालमत्ता असणाऱ्यांनाच होते. हळूहळू एकेका राज्याने ती अट काढली. १८२४ साली अध्यक्षपदासाठी सुमारे साडेतीन लाख लोकांनी मत दिले होते, १८२८ साली तो आकडा अकरा लाखांवर गेला आणि १८४० साली चोवीस लाखांच्या घरात. १८२८ साली निवडून आलेला अँड्र्यू जॅक्सन हा गरिबीत वाढलेला, लहानपणीच पोरका झालेला माणूस. त्याच्या शपथविधीला साध्या लोकांची एवढी गर्दी लोटली की अध्यक्षांचे निवासस्थानही अपुरे पडले. सामान्य माणसाचे राज्य आले, असे सर्वांना वाटले.

पण 'सामान्य माणूस' म्हणजे कोण? १८२१ साली न्यूयॉर्क राज्याच्या नव्या घटनेने गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली, मात्र काळ्या नागरिकांसाठी अडीचशे डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या काही स्त्रियांना मत होते, ते १८०७ सालीच काढून घेतले गेले होते. जॅक्सनच्या काळात, १८३० साली, मूळ रहिवासी आदिवासींना त्यांच्या भूमीतून हलवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ च्या स्थलांतरात चेरोकी जमातीची हजारो माणसे वाटेत थंडीने, भुकेने, आजाराने मेली. आणि १८३४ साली बोस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे जमावाने आपल्या उर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ जाळला, कारण कॅथलिक लोक तिथे परके आणि थोडे होते. राज्य लोकांचे झाले होते, पण जे त्या 'लोकां'त मोजलेच गेले नाहीत त्यांच्यासाठी ते जुन्या राज्याइतकेच, कधी कधी त्याहून जास्त, कठोर ठरले.

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात महाड आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या लोकांना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठराव रीतसर मागे घेतला. पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले.

या घटनेवर आपण विचार करायला हवा. बहुमताने दिलेले बहुमतानेच काढून घेतले. पण तहानलेल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क हात वर करून ठरतो काय? पिलाताने जमावाला विचारले, कोणाला सोडू? जमावाने बरब्बाला मागितले. त्या दिवशी बहुमत अगदी स्पष्ट होते. पिलाताने हात धुतले आणि बहुमताच्या आड लपला. मते मोजून राज्यकर्ता ठरतो, सत्य ठरत नाही. पोप बारावे पायस यांनी १९४४ च्या नाताळच्या नभोवाणी संदेशात 'लोक' आणि 'जमाव' यांतला भेद समजावून सांगितला. लोकांना स्वतःची सदसद्विवेकबुद्धी असते आणि जबाबदारीची जाणीव असते. जमाव मात्र बाहेरून कोणी ढकलील तिकडे जातो. येशूला क्रुसावर पाठवणारा तो जमाव होता आणि त्याला चिथावणारे शिकलेसवरले प्रमुख याजक होते, हे मिलने सुचवलेली जास्तीची मते वाटण्याआधी लक्षात ठेवलेले बरे.

मग बहुमत कसे असावे? प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात त्याचे एक सुंदर चित्र आहे. यरुशलेमच्या मंडळीत तक्रार उठली, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी निर्णय परस्पर घेतला नाही. सर्वांना एकत्र बोलावून, चांगल्या नावाची सात माणसे तुम्हीच निवडा, असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे पाहा. स्तेफन, फिलिप आणि बाकीची सर्व नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातलीच माणसे सर्वांनी मिळून पुढे केली. ती निवड पंगतीत ज्याचे पान राहून गेले होते त्याच्यासाठी झाली.

आता आपल्या आजच्या गावाकडे वळू. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे सरपंचपदासाठी बोली लागली होती, एका ठिकाणी दोन कोटींच्या वर आणि दुसरीकडे ४२ लाख. पैसा कोणाच्या खिशात जायचा नव्हता, देवळाच्या कामासाठी जायचा होता. गावात भांडण नको, खर्च वाचेल, देवाचे काम होईल, असा विचार. उद्या कोणी आपल्या चर्चच्या छपरासाठी असाच प्रस्ताव मांडला तर आपल्यालाही मोह होणार नाही, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. मग त्यात वाईट काय?

वाईट हे, की मत ही विकण्याजोगी वस्तू नाही. ती ठेव आहे. माझ्या मताचे परिणाम माझ्या शेजाऱ्याला, त्याच्या लेकराला, पुढच्या पिढीला भोगावे लागतात. मग ते मी एकट्याने किंवा सर्वांनी मिळून विकायचे कोणत्या अधिकाराने? आणि बोली लागली की मैदानात कोण उरतो? ज्याच्याजवळ कोट्यवधी आहेत तो. शेतसाऱ्याची जुनी अट आपण १९५० साली संविधानाने दारातून घालवली, ती बोलीच्या रूपाने खिडकीतून परत आली. दोन हजाराचे पाकीट घेणाऱ्यालाही हेच लागू आहे. पाकीट देणारा आपली गरिबी विकत घेतो, आणि जी वस्तू त्याला स्वस्तात मिळते ती तो संपू देत नाही.

याहून हळू होणारा एक अन्याय आहे, तो कोणाच्या नजरेत येत नाही. कातकरी ही आपल्या राज्यातील अति असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. आपल्या परिसरातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. २०२४ साली रायगडमध्ये लोकसभेचे मतदान झाले ते ७ मे रोजी. अशा दिवशी भट्टीवर असलेल्या बाईचे नाव यादीत असले तरी तिचे मत कुठे असते? तिला कोणी बंदी केलेली नाही. फक्त मालकाची उचल फिटलेली नाही आणि गाडीभाड्याला पैसे नाहीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. माणूस रांगेबाहेर राहतो तो असा. त्याला हाकलणारा कोणी नसतो, पण त्याची वाट पाहणाराही कोणी नसतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशी विसंगती फार काळ टिकणार नाही. मताची रांग सर्वांसाठी खुली करणे हा त्या कामाचा आरंभ होता. उरलेले काम कायद्याचे नाही, आपले आहे.

कोणाला मत द्यावे हे सांगणे धर्मगुरूचे काम नाही आणि या वेदीवरून ते कधी सांगितले जाऊ नये. पण मतदान हे नागरिकाचे नैतिक कर्तव्य आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून काही साधी कामे आपण अवश्य करू. कामधंद्यासाठी रोह्यात, धाटावला येऊन स्थिरावलेल्या पण नाव अजून मूळ गावच्या यादीत ठेवलेल्या कुटुंबांनी ते इथे आणावे. घरातल्या अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नाव नोंदवावे. ग्रामसभेला जावे, आणि जाताना वाडीतल्या एखाद्या बाईला सोबत न्यावे. ती बोलू लागली की तिचे बोलणे संपेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालू नये. पाकीट घरी आले तर मुलांच्या देखत परत करावे, म्हणजे त्यांनाही नागरिकशास्त्राचा धडा मिळेल. आणि मत देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. माझ्या या मतामुळे ज्याचे पान पंगतीत राहून गेले आहे, त्याच्यापर्यंत काही पोहोचेल का?

शहाण्याचे मत कोणते आणि अडाण्याचे कोणते, हे त्या उत्तरावरून ठरेल, शाळेच्या दाखल्यावरून नव्हे.

परमेश्वर आपणा सर्वांना विवेक आणि धैर्य देवो.