जमीन कुणाची, हे आधी विचार

प्रिय भाचीस,


नोकरीसाठी जाण्याबद्दल बोलताना परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, त्रिनिदादला सगळे आपलेच लोक आहेत." तेवढ्यासाठीच हे पत्र. तिथल्या चागुआनासला मी दोन वर्षं राहिलोय. अंगणात बांबूच्या काठ्यांना झेंड्या, दारावर महाराज, रामपरसाद अशा पाट्या, हॉटेलात रोटी. पहिले पंधरा दिवस मलाही वाटत होतं की आपण फार लांब आलेलोच नाही. पण आडनावं ओळखीची म्हणून कायदाही ओळखीचा असेल, असं धरून चालू नकोस.

जावईबापू आतापासून प्लॉटच्या जाहिराती बघताहेत, असं ताई सांगत होती. बघू देत. 1990च्या कायद्याने परदेशी माणसाला राहण्यासाठी एक एकरापर्यंत, म्हणजे आपले चाळीस गुंठे, आणि धंद्यासाठी पाच एकरांपर्यंत जमीन परवान्याशिवाय घेता येते. टोबॅगोत मात्र 2007पासून आधी सरकारी परवाना काढावा लागतो. तिथला समुद्रकिनारा पाहून भुललात, तर हे लक्षात असू द्या.

खरी गोम कागदात आहे. सातबारा मागशील तर कुणाला कळणार नाही. काही जमिनींना सरकारी नोंदवहीतलं मालकीपत्र असतं. बाकीच्यांची मालकी जुन्या खरेदीखतांच्या साखळीवर उभी असते, आणि त्यातली एक कडी निसटली की वकील वर्षभर फेऱ्या मारायला लावतो.

आमच्या शेजारी एक म्हातारा राहायचा. सगळी गल्ली त्याला आजा म्हणायची. घर लाकडी, खांबांवर उचललेलं, वर पत्रे. एका संध्याकाळी त्याने पलंगाखालून बिस्किटाचा डबा काढला. आत रबर लावलेल्या पावत्यांच्या गड्ड्या, खालच्या तर पिवळ्या पडून कडांना झिजलेल्या. सगळ्या जमिनीच्या भाड्याच्या. घर त्याचं, त्याच्या बापाने बांधलेलं, पण खालची माती दुसऱ्याची. मी पेडण्याचा माणूस. म्हटलं, आजा, आमच्याकडे तुला मुंडकार म्हणतात! भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला आपल्या गोव्यात 1975च्या कायद्याने संरक्षण दिलं. त्रिनिदादने तेच काम 1981 साली केलं. अशा भाडेकरूंना तीस वर्षांचा पट्टा, तो आणखी तीस वर्षं वाढवून घ्यायचा हक्क, आणि हवी असेल तर बाजारभावाच्या निम्म्या किमतीत ती जमीन विकत घ्यायची मुभा. आजाने डबा का जपला होता, ते तेव्हा कळलं. भाडेकरू असल्याचा त्याच्याकडचा पुरावा तेवढाच.

आता तू कुठल्या बाजूला उभी राहशील ते बघ. कुणी "हाउस फॉर सेल" म्हणाला, तर तो कदाचित फक्त लाकूड आणि पत्रे विकत असतो. मी स्वतः असाच एका घराच्या बयाण्याचे पैसे खिशात घालून निघालो होतो. वकिलाने नोंदी तपासल्या म्हणून वाचलो. विकणाऱ्याच्या नावावर जमिनीचा इंचही नव्हता. म्हणून विकणाऱ्याच्या वकिलावर भागवू नकोस, आपला वेगळा वकील कर. फी जास्त वाटेल, द्यावी. आणि प्लॉट घेऊन कुलूप लावून भारतात येऊन बसलात, तर खाजगी जमिनीवर सोळा वर्षं बिनहरकत ठाण मांडून बसलेल्याला हटवणं मूळ मालकाच्या हातात राहत नाही.

कागदाचं हे दुखणं जमिनीपुरतं नाही. लग्नाच्या बाबतीत तर तिथल्या आपल्या लोकांनी फार सोसलंय. 1845पासून आलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची, हिंदू लग्नं सरकारदरबारी धरली जाऊ लागली ती 1945च्या कायद्याने. तोवर बांबूच्या मांडवात, अग्नीच्या साक्षीने झालेल्या लग्नांतली मुलं कागदावर अनौरस. 2017मध्ये सगळ्या धर्मांसाठी लग्नाचं वय अठरा केलं, तेव्हा विरोधही झाला होता. मला तो निर्णय योग्यच वाटतो. लग्न न करता पाच वर्षं एकत्र राहिलेल्यांनाही तिथे पोटगी आणि मालमत्तेसाठी कोर्टात जाता येतं. तुझ्या ऑफिसात अशी जोडपी भेटतील, भुवया उंचावू नकोस.

गंमत कोर्टाची. कॅरिबियन देशांचं सामाईक न्यायालय 2005पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच बसतं, पण त्रिनिदादचं शेवटचं अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. 1976 साली प्रजासत्ताक झालेला देश, आणि शेवटचा शब्द लंडनचा!

कामाच्या परवान्याचं नीट ऐक. परदेशी माणसाला बारा महिन्यांत एकदाच, तीस दिवसांपर्यंत परवान्याशिवाय काम करता येतं. पुढे परवाना लागतो, आणि तो तुझ्या मालकाच्या अर्जावर तुझ्या त्या नोकरीपुरता मिळतो. तुझ्या परवान्यावर जावईबापूंना काम करता येणार नाही, घरबसल्या शिकवण्या घेणंही अंगाशी येईल. व्हेनेझुएला समोरच आहे. तिथून आलेल्या सोळा हजारांहून अधिक लोकांची 2019 साली दोन आठवड्यांत नोंदणी झाली. रांगेत उभं राहून ज्यांनी नोंदणीचं कार्ड मिळवलं, त्यांना अशा कागदाची किंमत विचार.

अजून एक. लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथे सामान्य माणसाने घालायला बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. जावईबापूंची ती हिरव्या ठिपक्यांची पँट मी गणपतीत पाहिली आहे. बॅग भरताना ती आठवणीने बाहेर काढून ठेव.

कळावे,
तुझा मामा