माळवदावरची माती

आजचं वचन : फिलिप्पैकरांस पत्र ३:१०



ईस्टरच्या सकाळी आपण सगळ्यांनीच स्टेटसला रिकाम्या कबरेचा फोटो ठेवला होता. चोवीस तासांत तो गेला. मग सोमवार आला आणि त्याच्यासोबत तेच जुनं पापही आलं. प्रभू खरोखर उठला आहे, तर मी त्याच जागी पुन्हा पुन्हा का पडतो? हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल, म्हणून आज माझीच गोष्ट सांगतो.

दोन वर्षं मी माझ्या थोरल्या भावाशी बोललो नव्हतो. बेंबळीच्या शेताची वाटणी हे कारण. बरोबर कोण होतं ते इथे लिहीत नाही, कारण दोन वर्षं तो खटला मी मनात रोज चालवला आणि न्यायाधीशही मीच असल्यामुळे रोज जिंकलो. दरवर्षी लेंटमध्ये ठरवायचो, यंदा दादाला क्षमा करायची. उपवास केले, प्रार्थनेच्या वहीत त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं. मग फोनवर आई सहज म्हणायची, "दादानं यंदा सोयाबीन केलंय," आणि सगळं पुन्हा उसळून यायचं. मी आणखी कडक नेम करायचो. आता पहाटे पाचला उठायचं, आता शुक्रवारीही उपवास.

आमच्या भागात पूर्वी माळवदाची घरं होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर आणखी माती टाकायची. घर तेवढं पावसाळाभर कोरडं राही, पण छप्पर वर्षागणिक जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा औसा-उमरगा भागात हजारो माणसं याच ओझ्याखाली गेली. मी तेव्हा लहान होतो. आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला, आम्ही वाचलो. त्या मृत्यूंचा मला दृष्टांत करायचा नाही, ते दुःख ज्यांचं आहे त्यांचंच आहे. पण ती माती मात्र मला माझ्या नेमांची आठवण करून देते. गळलं की एक थर, पुन्हा गळलं की आणखी एक. खाली मी तोच, आणि डोक्यावरचं वजन वाढतंय.

पौल तुरुंगातून लिहितो की त्याला ख्रिस्ताला ओळखायचं आहे आणि त्याच्या पुनरुत्थानाचं सामर्थ्य अनुभवायचं आहे. हे वचन आपण फार वेळा एकटंच वाचतो. त्याच्या आधीच्या ओळी वाचा. पौल स्वतःची सगळी प्रमाणपत्रं मांडतो : कूळ, शिक्षण, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. आणि मग ती सगळी केरात टाकतो. स्वतःचं नीतिमत्त्व हातातून सुटल्यावरच तो पुनरुत्थानाच्या सामर्थ्याबद्दल बोलतो.

इथेच माझी चूक होती. सामर्थ्य म्हणजे मला वरून मिळणारी जादा ताकद, असं मी समजत होतो. फोन चार्जिंगला लावावा तसं. पण मेलेल्यांना उठवणारं सामर्थ्य कामाला लागतं ते कबरेत. जो अजून स्वतःच्या बळावर उभा आहे, त्याला उठवायचं कसं?

पुण्याहून धाराशिवकडे जाणारी गाडी दौंडच्या आधी केडगावावरून जाते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे की त्यानंतरची सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, खुद्द ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. आणि ही आठ वर्षं रिकामी गेलेली नव्हती. याच काळात त्यांनी शारदा सदन उघडलं, विधवांना आसरा दिला. सत्कर्म होतं, विद्या होती, तरी आत शांती नव्हती. मग १८९१ च्या सुमारास हॅसलम नावाच्या एका पाळकाचं, मरणातून जीवनात जाण्याविषयीचं, आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. आपल्या कोणत्याही कामाची पुण्याई देवापुढे ठेवण्याजोगी नाही, हे त्यांनी तेव्हा मान्य केलं. त्यांच्यासाठी हे एक मरणच होतं, आणि जीवन त्याच्या पलीकडे सापडलं.

म्हणून दुःख थांबलं का? नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला लागूनच राहिल्या, ते संपवलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. पुनरुत्थानाचं सामर्थ्य मला त्या शेवटच्या महिन्यांत दिसतं.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याच गाडीने गावी गेलो. केडगाव मागे पडलं तेव्हा एक गोष्ट लख्ख समजली. क्षमा करायला मला प्रेम कमी पडत नव्हतं. मला भीती वाटत होती. मी खटला सोडला, तर माझं बरोबर होतं असं कोणीच कधी म्हणणार नाही, ही भीती. येशूवर सगळी न्यायालयं उलटली, तरी त्याने आपला खटला पित्याच्या हाती दिला. तिसऱ्या दिवशी पित्याने निकाल दिला. निकाल देणारा जिवंत आहे, तर माझी फाईल मीच कशाला धरून बसू?

याचा अर्थ अन्याय मुकाट सोसा असा नाही. वाटणीचे कागद रीतसरच झाले पाहिजेत, आणि ते होतील. सोडायचा आहे तो मनातला खटला.

ईस्टरला सूर्य उगवायच्या आत घरी प्रार्थना झाली. मग मी दादाच्या दारात गेलो. तो म्हणाला, "कधी आलास रं?" वहिनींनी चहा ठेवला. शेताचा विषय कोणीच काढला नाही. रडारड नाही, मिठी नाही. आम्ही दोघंही अवघडलेलेच होतो. परत येताना कुर्डुवाडीपर्यंत जुना राग पुन्हा आला. पण यावेळी नवा नेम केला नाही. एवढंच म्हणालो, "प्रभू, हे अजून मेलेलं नाही. तुझ्या हाती देतो." पुढच्या रविवारी दादाला फोन केला. कालही केला.

प्रभूच्या उठलेल्या शरीरावरही खिळ्यांचे व्रण होते. थोमाला त्याने तेच दाखवले. माझा व्रणही राहील कदाचित. आणि पौलही त्याच अध्यायात पुढे कबूल करतो की तो अजून मुक्कामाला पोहोचलेला नाही. मग आपणही वाटेवर असलो तर लाज कसली?

आज एक करा. माळवदावर आणखी माती टाकू नका. जो खटला तुम्ही मनात रोज जिंकता, त्याचं नाव घेऊन तो पित्याला द्या. उद्या परत आला, तर उद्या परत द्या.

प्रार्थना : हे पित्या, तू माझ्या प्रभूला मेलेल्यांतून उठवलंस. माझं बरोबर असणं मी तुझ्या हाती देतो. माझ्यात जे मरायला हवं ते मरू दे, आणि जे तू उठवशील त्याच्यासोबत मला चालव. येशूच्या नावात, आमेन.