उरूस म्हणावे की यात्रा?

प्रश्न (बदलापूर पूर्व) : आमचे मूळ गाव कोल्हापूरकडचे. ग्रामदेवाच्या जत्रेला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘उरूस’ म्हणतो. यंदा वर्गणीच्या पत्रकात तो शब्द छापला, तर गावच्या मुंबईकर पोरांनी हरकत घेतली की देवाच्या कार्यात परका शब्द नको. शिवाय माघी पौर्णिमेला शेजारचे मुस्लिम कुटुंब मलंगगडावर उरसाला जाते आणि आम्हालाही चला म्हणते. उरूस म्हणजे पीराची पुण्यतिथीच ना? मग तिथे आनंदाने जावे का, आणि शेजाऱ्यांना म्हणावे तरी काय?

उत्तर : शब्द अरबी आहे, यात शंका नाही. मूळ ‘उर्स’, म्हणजे लग्नसोहळा. हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख, तसा उर्सचा उरूस. इतका आपल्या जिभेवर घोळलेला शब्द परका म्हणायचा, तर ‘हरकत’ घेणाऱ्यांनी आधी तोच शब्द परत करावा. तोही अरबीच.

मरणदिवसाला लग्न का म्हणायचे? सूफींची धारणा अशी की भक्त आयुष्यभर परमेश्वराच्या विरहात असतो आणि देह सुटतो तेव्हा त्याची भेट होते. मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी वारले. त्या रात्रीला तुर्कस्तानात आजही ‘शब-ए-अरूस’, म्हणजे मीलनाची रात्र म्हणतात. गंमत अशी की खुद्द अरबांकडे हा अर्थ फारसा चालत नाही. इजिप्तमध्ये अवलियाच्या उत्सवाला ‘मौलिद’ म्हणतात, मोरोक्कोत ‘मौसिम’. आपला मोसम तोच. कैरोच्या माणसाला उरसाचे आमंत्रण दिले, तर तो नवरा-नवरी कोण ते विचारील!

आपल्याला तरी हे नवे कुठे आहे? कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबांच्या समाधीचा ‘सोहळा’च होतो. तुकाराम बीजेला देहूत कोणी सुतक धरत नाही.

शिर्डीचा दाखला पोरांना जरूर सांगा. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला, म्हणून त्यांनी १८९७ साली साईबाबांच्या संमतीने उरूस भरवला. दिवस धरला रामनवमीचा. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांनी त्याला संदलची मिरवणूक जोडली. रामजन्माचा उत्सव १९१२ मध्ये सुरू झाला. म्हणजे आधी उरूस, मग रामजन्म. आणि दोन्ही एकाच दिवशी.

मलंगगड तर तुमच्या अंबरनाथ तालुक्यातच. तिथला उरूस हिजरी तारखेला न भरता माघी पौर्णिमेला भरतो आणि दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या केतकर घराण्याकडे चालत आली. त्या जागेवरून वाद आहेत, कज्जे झाले आहेत. त्यांचा निवाडा या सदरात होणार नाही. तुमचा प्रश्न शेजारधर्माचा आहे. जावेसे वाटले तर जा. पादत्राणे बाहेर, डोके झाकलेले, एवढे पुरे. मनात नसलेला नवस बोलू नका. जायचे नसेल तर तसे सरळ सांगा, त्यात अपमान नाही. शेजाऱ्यांना ‘उरूस मुबारक’ म्हणा. दुखवट्याचा चेहरा करून मात्र भेटू नका.

पत्रकात ‘उरूस’ राहू द्या. कोणाला ‘यात्रा’ हवी असेल तर शेजारी तेही छापा. खोडायचे कारण नाही.